मिळेल ते इंजिन

अमेरिकी सैन्याच्या दप्तरात पीटी-१३, पीटी-१७ आणि पीटी-१८ अशी तीन शिकाऊ विमाने वेगवेगळी नोंदलेली आहेत. तिन्ही शेजारी उभी केली, तर फरक शोधायला नाकाकडे जावे लागते. बाकी सगळे एकच, कॅन्ससमधल्या विचिटाला तयार झालेले स्टिअरमन: पोलादी नळ्यांचा सांगाडा, लाकडी पंखांच्या दोन जोड्या, वरून ताणलेले कापड. इंजिन तेवढे निराळे, आणि तेही कोणी हौसेने निवडलेले नव्हते.

सुरुवातच तशी झाली. १९३०च्या दशकाच्या मध्यावर आरमाराला नवे शिकाऊ विमान हवे होते, आणि कोठारात राइट कंपनीची जे-५ इंजिने पडून होती. १९२७ मध्ये लिंडबर्गने ज्याच्या भरवशावर अटलांटिक ओलांडला, त्याच घराण्यातली. पण उत्पादन कधीच थांबलेले. आरमाराने इंजिने दिली, कारखान्याने त्यांच्यामागे विमान बांधून दिले. एनएस-१ नावाची अशी ६१ विमाने झाली. लॉइड स्टिअरमन स्वतः तोवर कंपनी सोडून गेला होता. नाव त्याचे, मालकी बोइंगची.

१९३६ मध्ये लष्कराने नऊ सिलिंडरचे, २१५ अश्वशक्तीचे लायकमिंग बसवून घेतले, ते पीटी-१३. पुढे युद्धाची चाहूल लागली, मागणी वाढली आणि सांगाडे इंजिनांपेक्षा भराभर तयार होऊ लागले. लायकमिंगची वाट किती पाहणार? १९४० मध्ये सात सिलिंडरचे कॉन्टिनेंटल आले, २२० अश्वशक्तीचे. हे पीटी-१७ पुढे सर्वांत जास्त चालले. तेही पुरेना, तेव्हा २२५ अश्वशक्तीचे जेकब्स लावून १५० पीटी-१८ निघाली. पाच-दहा अश्वशक्तीचा हा फरक नवशिक्याच्या ध्यानातही आला नसेल. आरमाराचे आकडे आणखी निराळे, एन२एस-१ पासून एन२एस-५ पर्यंत. शेवटच्या पीटी-१३डीपर्यंत पोहोचल्यावर कुठे लष्कर आणि आरमार एकाच साच्याच्या विमानावर राजी झाले. आरमार त्यालाच एन२एस-५ म्हणे.

इंजिन कोणतेही असो, अनेक विमानांत ते हातानेच चालू करावे लागे. मेकॅनिक डाव्या बाजूच्या भोकात हँडल घालून फिरवायला लागे. आत जड चाक आधी जेमतेम हलायचे, मग गरगरू लागायचे, त्याचा आवाज चढत चढत शिट्टीसारखा व्हायचा. हँडल बाहेर काढले की वैमानिक त्या चाकाची गती इंजिनाला जोडून देई. धरले तर ठीक, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

शिक्षक पुढे, विद्यार्थी मागे. शिक्षकाचे बोलणे एका नळीतून विद्यार्थ्याच्या कानापर्यंत पोहोचे, उलट उत्तराची सोय नव्हती. विद्यार्थ्याचा चेहरा शिक्षक समोरच्या आरशात पाही. शिकवण्याची ही रीत काही गुरुजींना आजही आवडेल! चाकांमधले अंतर कमी, त्यामुळे उतरल्यावर जरा ढिलाई झाली की विमान जमिनीवरच गिरकी घेई.

सामग्रीचे प्रयोग मोजकेच. पीटी-१७ए मध्ये केवळ उपकरणांवर नजर ठेवून उडण्याच्या सरावाची साधने होती, पीटी-१७बी वर फवारणीची यंत्रणा. कॅनडासाठी बांधलेल्या ३०० पीटी-२७ साठी बंद छत आणि कॉकपिटात ऊब अशी योजना होती. तरी ती विमाने लवकरच परत आली.

युद्ध संपेपर्यंत साडेआठ हजारांच्या आसपास स्टिअरमन बनली होती. मग ती मोडीच्या भावात विकली गेली आणि शेतांवर पोहोचली. पुढच्या बैठकीच्या जागी औषधाची टाकी बसली. टाकी भरून उडायला २२० अश्वशक्ती अपुरी पडू लागली, तेव्हा फवारणीवाल्यांनी बीटी-१३ ही दुसरी शिकाऊ विमाने स्वस्तात विकत घेतली, त्यांची ४५० अश्वशक्तीची प्रॅट अँड व्हिटनी इंजिने काढून स्टिअरमनला लावली आणि उरलेले बीटी-१३ भंगारात घातले.