जुन्या मोटारीच्या ब्रेकची सळई : पोलाद कसं पारखावं?

तिगावकरांना ब्रेकचं मोल वेगळं सांगायला नको; चिचोंड्याकडून उतरणारा रेल्वेचा घाट दाराशीच आहे. जुन्या मोटारींचे ब्रेक मात्र निराळे. फोर्डच्या १९२८ ते १९३१ च्या ‘मॉडेल ए’मध्ये ब्रेकचं तेल नव्हतंच, पायाचा जोर पोलादी सळयांनी चाकांपर्यंत जाई. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक आणले ते १९३९ च्या मोटारींत.

अशी सळई तुटली की मिस्त्री म्हणतो, “बाजारातली घालू की!” दिसायला दोन्ही सारख्याच, फरक कळतो प्रयोगशाळेत. तिथे तीन प्रश्न विचारतात.

पोलादात काय आहे? स्पेक्ट्रोमीटर कार्बन, मँगनीज, गंधकाचं प्रमाण सांगतो.

किती कठीण? विकर्स यंत्र हिऱ्याचं टोक दाबतं. ठसा लहान, तर पोलाद कठीण. आकडा १५० आला, तर ताणशक्ती सुमारे ५०० मेगापास्कल धरायची. पण फार कठीण पोलाद ठिसूळही असतं, झटक्याने तुटतं.

भेग आहे का? सळई चुंबकित करून लोखंडाची बारीक पूड टाकली, की ती भेगेवर गोळा होते.

म्हणून तुटलेली सळई भंगारात देऊ नका. नवी कशी हवी, ते तीच सांगते.