घोंगडी धुताय? गरम पाणी, सोडा अन् मशीन लांबच ठेवा

पावसाळा सरला की घरोघरी अंथरूण-पांघरूण धुवायला निघतं. त्याच ढिगात आजोबांची घोंगडीही जाते. चादरीला काही होत नाही, घोंगडी मात्र एका धुण्यात आटते आणि बुरणुसासारखी घट्ट होते. एकदा आटलेली लोकर पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

असं का होतं?
सोलापूर, सांगली, सातारा भागातली काळी घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची असते. लोकरीच्या प्रत्येक केसावर बारीक खवले असतात. गरम पाण्यात चोळलं, मशीनमध्ये घुसळलं की ते एकमेकांत अडकतात. धुण्याच्या सोड्याने लोकरीचा तेलकटपणा जाऊन ती रखरखीत होते.

धुवायची कशी?
घोंगडी वारंवार धुऊ नये. आधी झटकून धूळ काढावी. रात्री भिजवलेले रिठे सकाळी कुस्करून, गाळून ते पाणी गार पाण्यात मिसळावं. घोंगडी त्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवून हाताने नुसती दाबावी. आपटायची नाही, ब्रश मारायचा नाही. मग फेस जाईपर्यंत गार पाण्यातून काढावी.

नव्या घोंगडीचं पाणी गढूळ, चिकट निघालं तर घाबरू नये. विणताना उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ लावलेली असते, ती सुटते.

पिळू नका, टांगू नका
ओली घोंगडी जड होते. दोरीवर टांगली की आपल्याच वजनाने लोंबते. गुंडाळी करून पाणी दाबून काढावं आणि बाजेवर पसरून सावलीत, वाऱ्याला वाळवावी. रानात भिजून आलेली घोंगडीही चुलीजवळ वाळत घालू नये.

कसरीपासून जपा
कसरीचा पतंग लोकर खात नाही, त्याची अळी खाते. घामाचे, कालवणाचे डाग असलेली जागा ती आधी धरते. म्हणून मळकी किंवा दमट घोंगडी ट्रंकेत कोंबू नये. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर वाळलेलाच ठेवावा, पण त्याच्यावरच विसंबू नये. महिना-दोन महिन्यांनी घोंगडी बाहेर काढून थोडा वेळ ऊन द्यावं, घड्या मोडून झटकावी. डांबरगोळ्या पोरांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात.

भोक दिसलंच तर लगेच लोकरीच्या धाग्याने रफू करून घ्यावं. बोटाएवढं भोक वापरात वाढत जातं.