कृष्णधवल घर आणि संपादनाची कात्री

- प्रतिनिधी

मे महिन्याच्या सुटीत गावी गेलेला शहरवासी परतताना आंब्याच्या पेटीबरोबर आणखी एक गोष्ट घेऊन येतो - जुन्या घराची छायाचित्रे. त्यातली काही लगेच कृष्णधवल केली जातात. रंग गेले की चित्राला आपोआप भारदस्तपणा येतो, असा समज आहे. प्रत्यक्षात रंग काढल्यानंतरच खरे काम सुरू होते. ते घर उद्या पडले, तर मागे उरणारा पुरावा कदाचित तेवढाच असेल. आणि त्यात काय ठेवायचे, काय वगळायचे, हे संपादन करणाराच ठरवत असतो.

रंगांचे भाषांतर

कोकणातले जांभ्या दगडाचे घर घ्या. तांबूस भिंत आणि मागची हिरवी झाडी डोळ्यांना स्पष्टपणे वेगळी दिसते. कृष्णधवल चित्रात मात्र दोन्हींची करडी छटा जवळपास सारखीच येऊ शकते आणि भिंत झाडीत विरून जाते. फिल्मच्या काळात यावर भिंगापुढे लावायचे रंगीत फिल्टर हा उपाय होता. लाल फिल्टरने तांबडी भिंत उजळते, तर झाडी आणि निळे आकाश गडद होते. हिरव्या फिल्टरने झाडी उजळते आणि भिंत काळवंडते. आज हेच काम संगणकावर प्रत्येक रंगाची उजळता वेगळी कमी-जास्त करून साधता येते. म्हणूनच मूळ छायाचित्र रंगीत घ्यावे आणि नंतर कृष्णधवल करावे. एका क्लिकमध्ये सगळे रंग घालवणारी सोय हा निर्णय परस्पर घेऊन टाकते.

पुढची पायरी उजेड-सावलीची. डार्करूममध्ये कागदावर पडणारा प्रकाश हाताने अडवून एखादा भाग उजळ ठेवला जाई, किंवा जास्त प्रकाश देऊन गडद केला जाई. 'डॉजिंग' आणि 'बर्निंग' ही त्यांची नावे संगणकावरही कायम राहिली. पडवीतला अंधार थोडा उजळला, तर झोपाळ्याच्या कड्या आणि उंबरठा दिसू लागतो. तो फार उजळला, तर कौलारू घरातला थंडावा देणारा काळोखच नाहीसा होतो.

भिंत कलली की कॅमेरा?

कॅमेरा वर करून घर टिपले, की भिंती वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकलेल्या दिसतात. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांत भिंगच वर सरकवून हा दोष टाळता येई. आता सॉफ्टवेअर तो दूर करते. पण पन्नास पावसाळे सोसलेली मातीची भिंत खरोखरच कललेली असू शकते. ती सरळ करणे म्हणजे घराचे वय पुसणे. अशा वेळी चित्रात लोंबणारा दिवा किंवा दोरी शोधावी. वारा नसेल तर ती ओळंब्याचे काम करते. आधी तिला उभ्या रेषेत आणावे. मग भिंतीचा कल खरा किती, ते कळते.

भोक पडलेल्या निगेटिव्ह

संपादनाचा अधिकार कुठवर, याचा धडा अमेरिकेतल्या एका सरकारी उपक्रमाने दिला आहे. महामंदीच्या काळात, १९३५ पासून, तेथील ग्रामीण जीवनाची छायाचित्रांतून नोंद करण्यात आली. १९३७ पासून हे काम फार्म सिक्युरिटी अॅडमिनिस्ट्रेशन या नावाखाली चालले. वॉकर इव्हान्स यांनी १९३६ मध्ये अलाबामात टिपलेली, रंग न दिलेल्या फळ्यांची खंडकऱ्यांची घरे आणि लाकडी चर्च याच संग्रहात आहेत. उपक्रमाचे प्रमुख रॉय स्ट्रायकर स्वतः छायाचित्रकार नव्हते. नापसंत निगेटिव्हला ते चक्क भोक पाडत किंवा पाडायला लावत. इव्हान्स यांच्या निगेटिव्हही त्यातून सुटल्या नाहीत. छायाचित्रकारांनी या पद्धतीला विरोध केला. त्या भोक पडलेल्या निगेटिव्ह आज 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'मध्ये आहेत. त्यांवरून काढलेल्या चित्रांत शेतावर, घरावर किंवा माणसाच्या चेहऱ्यावरच काळे वर्तुळ दिसते.

निवड करणे हे संपादकाचे कामच आहे. इव्हान्स स्वतःही आपली छायाचित्रे निःसंकोचपणे कापत. परंतु कापलेल्या प्रतीमागे अखंड मूळ असले, तर पुढच्या पिढीला वेगळी निवड करता येते. भोक पडलेल्या निगेटिव्हने ती वाट बंद केली. मूळ फाइलवरच फेरफार करून ती साठवणारा आजचा हौशी छायाचित्रकारही नकळत तेच करत असतो.

चांगली टीका कशी करावी?

मित्राने दाखवलेल्या छायाचित्राला 'छान' म्हणणे सोपे असते. त्याऐवजी काही प्रश्न विचारता येतील. नजर प्रथम कुठे जाते - घराकडे की नाट्यमय ढगांकडे? भिंत मातीची, विटांची की चिऱ्याची, हे पोतावरून ओळखता येते का? चुना दिलेल्या भिंतीवरचे ओघळ दिसतात, की ती नुसती कोऱ्या कागदासारखी पांढरी झाली आहे? आणि चौकटीतून काय काढून टाकले? विजेची तार, छपरावरची डिश, अंगणातली प्लास्टिकची टाकी पुसली, की घर 'पुरातन' दिसते खरे. पण तिथे माणसे राहतात, ही गोष्टही त्याबरोबर पुसली जाते.

पुढच्या वेळी गावचे घर कृष्णधवल करताना मूळ रंगीत प्रत जपून ठेवावी. शेजारी गावाचे नाव आणि तारीख लिहावी. छटांविषयीचे आपले मत दहा वर्षांनी बदलू शकेल. त्या वेळी घर उभे असेलच, असे नाही.