परगावचा हॉटेलवाला

स्वित्झर्लंडमधील झेरमाट हे गाव आज जगाच्या परिचयाचे आहे. त्या गावामागे उभे असलेले मॅटरहॉर्न शिखर एखाद्या दिनदर्शिकेवर पाहिले नाही, असा वाचक विरळा. परंतु या गावाला ज्याच्यामुळे बरकत आली, त्या अलेक्झांडर झायलरचे नाव आपल्याकडे फारसे कुणी ऐकलेले नसते. त्याच्या वैभवापेक्षा त्याच्या परकेपणाची हकिकत आम्हांस अधिक सांगण्याजोगी वाटते.

झायलरचा जन्म १८१९ मध्ये, त्याच व्हॅले प्रांतातील ब्लिट्झिंगेन या खेड्यात झाला. साबण आणि मेणबत्त्या तयार करणे हा त्याचा धंदा. त्याचा एक भाऊ झेरमाटच्या चर्चमध्ये धर्मोपदेशक होता. तेव्हाचे झेरमाट म्हणजे गुरे राखून आणि डोंगरउतारावरची तुटपुंजी शेती करून जगणारे खेडे. रेल्वे नव्हती, खालच्या खोऱ्यातून पायी किंवा खेचरावर बसून यावे लागे. तरीही बर्फाच्छादित शिखरांच्या ओढीने इंग्रज प्रवासी येऊ लागले होते. भावाच्या सांगण्यावरून झायलरने गावच्या डॉक्टरांची लहानशी उतारशाळा १८५३ मध्ये चालवावयास घेतली आणि पुढे ती विकत घेऊन, वाढवून, तिला ‘मोंटे रोझा’ हे नाव दिले.

१८५७ मध्ये काथारिना काथ्राइन ही त्याची सहधर्मचारिणी झाली. अतिथीची विचारपूस, आजाऱ्याची शुश्रूषा, नोकरचाकरांवर देखरेख आणि मुलाबाळांनी भरलेला संसार, हे सारे तिने सांभाळले. घर आणि हॉटेल यांत भिंत अशी नव्हतीच. पाहुणे पुन्हा पुन्हा त्याच दाराशी येत, याचे श्रेय झायलरइतकेच या माउलीचे आहे.

जुलै १८६५ मध्ये एडवर्ड व्हिंपर आणि त्याचे सहा सोबती मॅटरहॉर्नवर प्रथमच पोहोचले. उतरताना दोर तुटला आणि चौघे कड्यावरून कोसळले. व्हिंपर परतला तेव्हा हॉटेलच्या दारात झायलरच उभा होता. काही न बोलता तो त्याच्या मागोमाग खोलीत गेला. या दुर्घटनेची वार्ता सर्वत्र पसरली आणि झेरमाटकडे येणाऱ्यांची रीघ वाढली. झायलरने एकामागून एक हॉटेले हाती घेतली. गावकऱ्यांना वाटाड्ये, हमाल आणि खेचरवाले म्हणून रोकड मिळू लागली.

आता मुख्य गोष्ट. स्वित्झर्लंडमध्ये गावात राहणे वेगळे आणि गावचा ‘बुर्गर’, म्हणजे हक्काचा गावकरी, असणे वेगळे. जंगल आणि कुरणे यांची मालकी या हक्कदारांची. झायलरने १८७१ मध्ये हा हक्क मागितला, गावाने नाकारला. आज एकाला दिला तर उद्या आणखी परके येतील आणि वाडवडिलांची कुरणे वाटली जातील, ही त्यांची भीती. ती अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. गरीब गावाचे तेच सर्वस्व होते. वाद प्रांताच्या आणि नंतर देशाच्या सरकारपर्यंत गेला. मध्यंतरी हक्कदार गावकऱ्यांनी ‘झेरमाटरहोफ’ हे स्वतःचे हॉटेल बांधून १८७९ मध्ये उघडले. अखेर १८८९ मध्ये, तब्बल अठरा वर्षांनी, झायलर झेरमाटचा गावकरी ठरला. दोनच वर्षांनी, १८९१ मध्ये, तो निवर्तला. त्याच वर्षी झेरमाटला रेल्वे पोहोचली.

या अठरा वर्षांत झायलरने हॉटेलाचे दार बंद केले नाही, की गाव सोडले नाही. पुढे मुलांनी धंदा सांभाळला. हर्मान या मुलाने १९२७ च्या हिवाळ्यात पाहुणे आणले आणि उन्हाळ्यापुरत्या जागणाऱ्या झेरमाटला हिवाळी हंगामही मिळवून दिला.

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथे पिढ्यान् पिढ्या नांदणाऱ्या आपल्या घरांनाही ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न नवा नाही. झायलरला कागदावरचा हक्क सरकारी निवाड्याने मिळाला. परंतु दारी आलेल्याची कदर करून, गावाच्या सुखदुःखात उभे राहून जे नाते त्या दांपत्याने जोडले होते, त्याला कोणाच्या निवाड्याची वाट पाहावी लागली नव्हती. आपल्या मुलांना हे सांगून ठेवावे, असे आम्हांस वाटते.