शाळा सोडवण्याआधी आजाराचे वेळापत्रक मांडा

थॅलेसेमिया असलेली, डोंबिवलीत राहणारी नववीतली एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. दर तीन आठवड्यांनी रक्त घ्यायला गर्दीच्या लोकलने ठाणे किंवा परळ गाठायचे. वर्षाचे सतरा-अठरा दिवस तिथेच जातात. त्यात तपासण्या आणि ताप. शाळेतून निरोप येतो, 'हजेरी भरत नाही.' मग घरात विषय निघतो, 'दाखला काढू आणि बाहेरून दहावीला बसवू.'

बाहेरून परीक्षा देण्यात कमीपणा काहीच नाही. मात्र ही पहिली पायरी नव्हे. आधी आजाराचे वेळापत्रक कागदावर मांडायला हवे.

थॅलेसेमिया मेजरमध्ये शरीर पुरेसे हिमोग्लोबिन तयार करू शकत नाही. रक्त चढवल्यावर काही दिवस तरतरी असते, पुढची तारीख जवळ आली की थकवा येतो. हा चढउतार आधीच कळतो. त्यामुळे चाचण्या आणि प्रात्यक्षिके रक्त घेतल्यानंतरच्या आठवड्यात ठेवण्याची विनंती करता येते. टाइप १ मधुमेहाचे मूल रोज शाळेत जाऊ शकते. त्याला हवी असते वर्गात इन्सुलिन घेण्याची, साखर तपासण्याची आणि ती ७० च्या खाली गेल्यास लगेच ग्लुकोज खाण्याची मोकळीक. सीबीएसईने परीक्षेत असे खाणे जवळ ठेवायला २०१७ मध्येच परवानगी दिली. मूत्रपिंडाच्या नेफ्रॉटिक सिंड्रोमसारखा आजार मात्र कधी उलटेल याचा नेम नसतो. तीन आजार, तीन वेगळ्या गरजा.

आधी शाळेशी बोला

डॉक्टरांकडून नुसते 'आजारी आहे' असे प्रमाणपत्र घेऊ नका. किती दिवस गैरहजेरी संभवते, वर्गात कोणती सोय लागेल, कोणती लक्षणे दिसल्यास काय करायचे, हे एका पानावर लिहून घ्या. राज्य मंडळाच्या परीक्षेसाठी ७५ टक्के हजेरी लागते. आजारपणामुळे तूट पडली, तर ती माफ करण्याचा प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. ठाणे जिल्ह्यासाठी हे कार्यालय वाशीला आहे. कागदपत्रे वर्षभर जपून ठेवा, फेब्रुवारीत धावपळ नको.

थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे तिन्ही आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहेत. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यास १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो, परीक्षेतील सवलतींसाठीही ते उपयोगी पडते. अर्ज ऑनलाइन करता येतो. टाइप १ मधुमेह या यादीत नाही. तिथे डॉक्टरांचे पत्र आणि शाळेचा समजूतदारपणा यांवरच भिस्त.

शाळा झेपतच नसेल तर

पहिला मार्ग १७ नंबरच्या फॉर्मचा. अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका आणि प्रमाणपत्र राज्य मंडळाचेच, पण रोजची हजेरी नाही. मात्र परीक्षा ठरलेल्या तारखांनाच होते. नेमक्या त्याच दिवसांत आजार उलटला तर पुरवणी परीक्षेची वाट पाहावी लागते.

दुसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा. १४ वर्षे पूर्ण झाली की दहावीसाठी प्रवेश मिळतो. नोंदणी पाच वर्षे टिकते, या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि एकेक विषय सोडवता येतो. ज्या आजाराचा भरवसा नाही, त्याच्यासाठी ही सवड मोलाची. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळात पाचवी आणि आठवीच्या परीक्षाही देता येतात, त्यामुळे लहान भावंडांनाही तो मार्ग खुला आहे.

या मार्गांची किंमतही असते. शिकवणारे कोणी समोर नसते, अभ्यासाचा भार आईबाबांवर किंवा क्लासवर पडतो. त्याहून मोठे म्हणजे मधल्या सुट्टीतला डबा आणि बाकावरची मैत्रीण जाते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला आजारापेक्षा हे एकटेपण जास्त जाचते. म्हणून शाळा सोडलीच, तर संध्याकाळची चित्रकला, वाचनालय किंवा जुन्या मैत्रिणींची रविवारची भेट चालू ठेवा.

आणि दाखल्याचा अर्ज लिहिण्यापूर्वी एक प्रश्न तिलाच विचारा, 'तुला काय झेपेल?' आजाराचे वेळापत्रक तिच्याइतके कोणालाच पाठ नसते.