फाईल झाली, अहवाल राहिला

दिवाळीची सुट्टी संपून दुसरं सत्र सुरू झालं की शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात एक संवाद हमखास कानावर पडतो. "जलप्रदूषण आहे का हो?" "संपलं. ध्वनिप्रदूषण देऊ?" दुकानदार चित्रांचा तक्ता गुंडाळून देतो, रात्री दहाला घरात कात्री आणि डिंक बाहेर येतात, आणि सकाळी सातवीतल्या मुलाचा प्रकल्प तयार असतो. त्यात प्रस्तावना असते, उद्दिष्टं असतात, ऋणनिर्देश तर असतोच. मुलाला पडलेला प्रश्न तेवढा नसतो.

यात आईची चूक नाही, दुकानदाराची तर नाहीच. महाराष्ट्रात 2010मध्ये पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि आकारिक मूल्यमापनाच्या आठ साधनांत 'प्रकल्प' जाऊन बसला. गुणांचा रकाना मिळाला. अहवाल लिहायला शिकवायची तासिका काही मिळाली नाही. त्या मोकळ्या जागेत काही समजुतींनी ठाण मांडलं आहे.

"संशोधन मोठ्यांनी करायचं, मुलांनी माहिती गोळा करायची"

26 जुलै 2005च्या प्रलयात सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदवला. त्याच शहरात, त्याच चोवीस तासांत कुलाब्याला तो 75 मिलिमीटरही भरला नव्हता. पाऊस इतका लहरी असेल, तर तुमच्या शाळेच्या पटांगणात काल नेमका किती पडला, हे कुठल्याही ग्रंथात सापडणार नाही. बारा वर्षांचं मूल मात्र ते मोजू शकतं, आणि मोजलं तर ती माहिती जगात नवी असते.

हा केवळ आशावाद नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 शाळांत 1972 साली एक विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. तो होता नेमका सहावी ते आठवीसाठी. 'बाल वैज्ञानिक' नावाच्या त्याच्या पुस्तकांत प्रयोग होते, प्रश्न होते, उत्तरं नव्हती. ती मुलांनी प्रयोग करून, आपसांत वाद घालून आपल्या वहीत लिहायची. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती, कारण उतरवून काढण्यासारखं त्यात काही नव्हतंच. मुलांच्या पत्रांना उत्तरं द्यायला 'सवालीराम' नावाचं एक काल्पनिक पात्रही होतं. (आपल्याकडे शंका विचारणाऱ्या मुलाला जी नावं पडतात, ती आठवा.) 2002 साली सरकारने कार्यक्रम बंद केला, पण तोवर तीस वर्षं सरकारी शाळांतल्या खेड्यापाड्यांतल्या मुलांनी स्वतःची निरीक्षणं स्वतः लिहिली होती. 1993पासून भरणारी राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदही 10 ते 17 वयाच्या मुलांकडून आपल्याच परिसरातल्या प्रश्नाचा अभ्यास मागते.

"विषय मोठा, तर प्रकल्प भारी"

उलट आहे. 'जागतिक तापमानवाढ' हा विषय सातवीतल्या मुलाला दिला की त्याच्यापुढे उतरवण्याखेरीज वाट उरत नाही, कारण त्यातलं काहीच त्याच्या हाताला लागत नाही. शिकवायची पहिली गोष्ट म्हणजे विषयाचा प्रश्न करणं आणि प्रश्न लहान करत नेणं. पाऊस हा विषय. आपल्या गावचा पाऊस, हाही अजून विषयच. 'आमच्या पटांगणात मोजलेला पाऊस आणि आमच्या महसूल मंडळाची सरकारी नोंद यांत 15 जुलै ते 15 ऑगस्ट या काळात किती फरक पडला?' हा झाला प्रश्न. त्यात जागा आहे, मुदत आहे, तुलना आहे, आणि मुख्य म्हणजे उत्तर आधी कुणालाच ठाऊक नाही, बाईंनाही नाही. मंडळवार आकडे कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मिळतात. पर्जन्यमापक म्हणाल तर सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली पुरते. वरचा भाग कापून उलटा बसवायचा, की झालं नरसाळं. तळाच्या खोलगटांत खडे आणि थोडं पाणी घालून सपाट पातळी आणायची, तिथे शून्याची खूण करायची आणि बाहेरून पट्टी चिकटवायची. रोज सकाळी साडेआठला नोंद, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवसही साडेआठलाच बदलतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे गणित मुलांनी शाळेच्या गच्चीला लावून पाहिलं, की अहवालाचा एक परिच्छेद आपोआप सुचतो.

प्रश्न लहान करायला एक पूर्ण तासिका द्यावी, दोन लागल्या तरी द्याव्यात. माझ्या मते सगळ्या उपक्रमातला सर्वांत मोलाचा वेळ तोच, आणि आपण नेमका तोच वाचवतो.

"स्वतःच्या शब्दांत लिही, एवढं सांगितलं की झालं"

हे सांगून काहीच होत नाही, कारण 'स्वतःच्या शब्दांत' म्हणजे काय हे मुलाला कुणी दाखवलेलं नसतं. समजा, पुस्तकात असं वाक्य आहे: पर्जन्यमापक उघड्या जागी, वृक्ष व इमारतींपासून पुरेशा अंतरावर ठेवावा. प्रामाणिक मूल लिहितं: पर्जन्यमापक मोकळ्या ठिकाणी, झाडे व घरे यांपासून योग्य अंतरावर ठेवला पाहिजे. शब्द बदलले, वाक्य तेच राहिलं. ही चोरी म्हणावी तर मुलाला तसं वाटतही नाही. त्याने सांगितलं ते केलं. आता हे पाहा: 'झाडाखाली ठेवली असती तर पाऊस थांबल्यावरही पानांवरचं पाणी बाटलीत टपकत राहिलं असतं, म्हणून आम्ही बाटली पटांगणाच्या मधोमध ठेवली.' हे समजून लिहिलेलं आहे.

पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत पोचवणारी युक्ती जुनी आणि फुकटची आहे. परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचं, शेजाऱ्याला सांगायचं आणि मग पाव कागदावर टिपण काढायचं. एका कागदावर एकच मुद्दा, वरच्या कोपऱ्यात पुस्तकाचं नाव आणि पान. टिपणात बोलीभाषा आली तर येऊ द्यावी. घरी वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणारं मूल त्या भाषेत विचार करत असेल, तर तिथेच प्रमाण मराठीचा पहारा बसवून काय साधणार? शुद्धलेखनाचा हात शेवटच्या मसुद्यावर फिरवावा. टिपणं झाली की कागद बाकावर पसरून क्रम लावायचा, पत्ते लावतात तसा. प्रस्तावना सर्वांत शेवटी लिहायची. काय सापडलं हे कळण्याआधी प्रस्ताव कशाचा मांडणार?

"संदर्भ: गूगल"

कुठून आलात असं विचारल्यावर 'एसटीतून' म्हणण्यासारखं आहे हे. गूगल शोधून देतं. लिहिणारं कुणी दुसरंच असतं. त्याचं नाव, लेखाचं नाव, संकेतस्थळ आणि पाहिल्याची तारीख, एवढ्या चार गोष्टी सहावीतलं मूलही लिहू शकतं. विकिपीडिया वर्ज्य, हाही एक सोवळेपणाच. सुरुवात तिथून खुशाल करावी, फक्त तिथेच मुक्काम ठोकू नये. मराठी विश्वकोशाचे खंड, ज्यांतला पहिला 1976 साली आला, आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात. शिवाय गावात पावसाचा हिशेब तोंडपाठ असलेलं कुणीतरी असतंच. त्या आजोबांचं नाव, गाव आणि बोललेली तारीख लिहिली की तोही रीतसर संदर्भ झाला.

"पानं जास्त, गुण जास्त"

साठ मुलं आणि प्रत्येकाची वीस पानं म्हणजे बाराशे पानं. ती कुणी वाचत नाही, हे मुलांना आपल्याआधी कळलेलं असतं. त्यापेक्षा दोन पानी अहवाल मागावा आणि प्रश्न, दोन टिपणं व कच्चा मसुदा हे वाटेतच पाहावं. तयार मजकूर छापून आणणं किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेणं या चिंतेवरही मला यापेक्षा चांगला तोडगा दिसत नाही. पावसात भिजलेली नोंदवही इंटरनेटवरून उतरत नाही. थर्माकोल आणि चमकी यांबद्दल तर न बोललेलंच बरं.

'करण्यात आले', 'घेण्यात आले' ही सरकारी परिपत्रकाची भाषाही मुलांवर लादू नये. आम्ही मोजलं, आम्हाला दिसलं, असं लिहिलं की मोजणारा कोण हे कळतं आणि चुकलं तर कुणाला विचारायचं तेही कळतं.

"निष्कर्ष जुळला नाही, म्हणजे प्रकल्प फसला"

सर्वांत चिवट समजूत हीच, आणि नुकसानही हीच अधिक करते. रविवारी शाळा बंद असते. सोमवारी बाटलीत 46 मिलिमीटर पाणी दिसतं. मूल काय करतं? निम्मं करून रविवारपुढे 23 आणि सोमवारपुढे 23 लिहून टाकतं. तक्ता छान भरलेला दिसतो, बाईही खूश होतात. पण रविवारी थेंबही पडला नसेल आणि सगळा पाऊस सोमवारी पहाटे कोसळला असेल, तर? एखाद्या रात्री कुत्र्याने बाटलीच उलथवली, तर? अशा वेळी रकान्यात 'नोंद नाही' लिहायचं, आणि सोमवारच्या आकड्याखाली 'दोन दिवसांचा मिळून'. तुलना करताना सरकारी आकडेही त्या दोन दिवसांचे मिळूनच घ्यायचे. मुलांचे आकडे सरकारी नोंदीशी जुळले नाहीत, तर ते खोडण्याऐवजी 'का जुळले नसावेत' याला अर्धं पान द्यावं. मंडळाचं केंद्र शाळेपासून किती लांब आहे, बाटली भिंतीच्या आडोशाला होती का, एखाद्या दिवशी नोंद साडेआठऐवजी दहाला घेतली का, हे सगळं त्यात येतं.

तपासणाऱ्यानेही फाईल उलटताना पहिल्यांदा 'नोंद नाही' कुठे आहे ते शोधावं. बत्तीस दिवसांच्या तक्त्यात तसं एकदाही लिहिलेलं नसेल, तर मुलाला जवळ बोलावून विचारावं, "रविवारी शाळेचं फाटक कुणी उघडून दिलं रे?"