वेरूळचा दगड, मॉरिशसचं रान

वेरूळचं कैलास लेणं ज्या काळ्या कातळात कोरलं, त्याचे भाऊबंद हिंदी महासागरात आहेत. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून दख्खनचं पठार बनलं. बहुतेक भूवैज्ञानिकांच्या मते त्यामागचा पृथ्वीच्या पोटातला तप्त स्रोत आज रीयूनियन बेटाखाली आहे. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे बेटांची माळ उरली. मॉरिशस त्यातलंच.

एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून मराठी मजूर उसाच्या मळ्यांवर गेले, ते याच बेटावर. ऊस लावायचा तर रान तोडणं आलंच. डचांनी एबनीच्या झाडांची तोड आधीच सुरू केली होती. मूळ जंगल आता दोन टक्क्यांच्या आसपास उरलंय, त्यातही परदेशी चिनी पेरू घुसलाय. फळ गोड, पण त्याच्या दाट जाळीखाली स्थानिक रोपं तग धरत नाहीत.

समुद्राने तोडलेल्या बेटावर उत्क्रांती भलत्याच वाटा धरते. मॉरिशसचं राष्ट्रीय फूल ट्रोकेशिया. त्याचा मकरंद चक्क लाल! त्याच्याच एका भावंडाचं परागीभवन हिरवी पाल करते. मधमाश्यांना गृहीत धरणाऱ्या आपल्याला हे अजबच.

मॉरिशसमधल्याच क्यूरपिपच्या वनस्पती उद्यानात तर हायोफोर्बे अमारिकॉलिस नावाचा ताड उभा आहे. जगात या जातीचं दुसरं झाड माहीत नाही. त्याला फुलं येतात, पण नर आणि मादी फुलं वेगवेगळ्या वेळी उमलतात, त्यामुळे बी सहसा धरत नाही. प्रयोगशाळेत रोपं वाढवायचे प्रयत्न झाले, पण ती मातीत टिकली नाहीत.